तहान, धाप आणि गुंगी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी आयुष्यभर गणित शिकवत होते. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून आकड्यांवर फार भिस्त ठेवू नका असं सांगणं जरा अवघडच, पण आजचा विषय तसा आहे. संयोजकांनी मला 'मधुमेह आणि आपण' असा ऐसपैस विषय दिला होता. तो मी मुद्दाम आवळून घेतला. मेथ्या खाव्यात की कारल्याचा रस प्यावा, भात सोडावा की पोळी, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. ते सगळे एकमेकांच्या विरुद्ध बोलत असल्यामुळे करमणूकही होते. मी बोलणार आहे ते साखर वाढत जाऊन माणूस अतिदक्षता विभागात पोचतो त्याच्या आधीच्या दोन-चार दिवसांबद्दल. ते दिवस घरात जातात. तिथे डॉक्टर नसतो, तुम्ही असता.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. सर्वांत जास्त प्रमाण निघालं ते आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे तिथल्या प्रौढ माणसांत चौघांमागे एकाहून थोडं जास्तच. आता पुष्कळ घरांत रक्तातली साखर मोजायचं यंत्र आलं आहे आणि सकाळच्या चहाबरोबर आकड्यांची चर्चा होते. 'आज माझी १४०', 'तुमची किती?' पण ज्या दिवशी खरोखर घाबरायला हवं त्या दिवशी हा आकडा पुष्कळदा फसवतो. कोणाची साखर ४०० असते आणि तो रिक्षातून उतरून चालत दवाखान्यात येतो. कोणाची २१० असते आणि त्याचा जीव धोक्यात असतो. असं का होतं ते नीट समजलं तर बाकीचं लक्षात ठेवायला फार कष्ट पडत नाहीत.

इन्सुलिनची कामं मुख्यतः दोन. रक्तातली साखर पेशींच्या उपयोगी पडू देणं हे एक, ते सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरं काम म्हणजे अंगातली चरबी भसाभस सुटू न देणं. या दुसऱ्या कामाला इन्सुलिन फार थोडं लागतं. स्वादुपिंड अगदी थकलेलं असलं तरी तेवढं इन्सुलिन बहुधा निघतं, त्यामुळे टाइप २ मधुमेहाच्या माणसाची साखर महिनोन्महिने चढी राहिली तरी चरबीवरचा हा ताबा टिकून असतो. टाइप १ च्या मुलाचं तसं नसतं. त्याला बाहेरून मिळालं नाही तर इन्सुलिन जवळपास शून्य. मग चरबी सुटते, यकृतात जाते आणि तिची कीटोन नावाची आम्लं तयार होतात. रक्त आंबट होऊ लागतं. याला डायबेटिक कीटोअॅसिडोसिस म्हणतात. रुग्णालयात सगळे डीकेए म्हणतात, मीही तेच म्हणेन.

डीकेएमध्ये साखर वाढलेली असते, पण जीव घेणारं काम साखर एकटी करत नाही. मूत्रपिंड साधारण १८० मिलिग्रॅमपर्यंतची साखर परत रक्तात घेतं. त्यावरची लघवीतून वाहून जाते, आणि जाताना पाणी, मीठ आणि पोटॅशियम घेऊन जाते. मोठ्या माणसाच्या अंगातून अशा वेळी पाच-सहा लिटर पाणी गेलेलं असतं. रक्तात आम्ल, अंगात पाणी नाही आणि पोटॅशियमचा तोल गेलेला, अशी ती अवस्था. साखर कमी केली की सगळं ठीक होईल असं घरच्यांना वाटतं, कधी कधी एखाद्या डॉक्टरलाही वाटतं, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आम्ल वाढलं की शरीर ते श्वासावाटे बाहेर टाकायला बघतं. १८७४ मध्ये अडोल्फ कुसमाउल या जर्मन डॉक्टरने हा श्वास टिपून ठेवला. खोल, मोठा, न थांबणारा श्वास. छाती पूर्ण भरतेय, हवा आत नीट जातेय, तरी रोगी हवेसाठी तळमळतोय. आजही त्या श्वासाला त्याचंच नाव आहे. दम्याच्या रोग्याच्या छातीत शिट्टी वाजते, न्यूमोनियात खोकला आणि ताप असतो. इथे छाती स्वच्छ असते आणि धाप मात्र मैलभर पळून आल्यासारखी. काहींच्या श्वासाला एक गोडसर वास येतो, नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा. तो वास सगळ्यांना कळत नाही. कितीतरी लोकांच्या नाकाला तो जाणवतच नाही, आणि त्यात काही कमीपणा नाही. म्हणून वासावर विसंबू नका, श्वास बघा.

कुसमाउलनंतर बारा वर्षांनी, १८८६ साली, मँचेस्टरच्या ज्युलियस ड्रेशफेल्ड यांनी 'ब्रॅडशॉ व्याख्यान' दिलं. तेही एक स्मृती-व्याख्यानच होतं, आणि विषय होता मधुमेहातली बेशुद्धी. ही बेशुद्धी एकाच प्रकारची नसते, हे त्यांनी त्यात मांडलं. आज आपण ज्या दोन अवस्थांबद्दल बोलतोय, एक डीकेए आणि दुसरी पुढे येईल ती, त्यांची फारकत तिथे सुरू झाली. पण ओळखता आलं म्हणून वाचवता येत होतं असं नाही. त्यासाठी आणखी ३६ वर्षं जावी लागली. ११ जानेवारी १९२२ या दिवशी टोरांटोत लेनर्ड थॉमसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. औषध अशुद्ध होतं, फारसं यश आलं नाही. मग जेम्स कॉलिप यांनी ते शुद्ध केलं आणि २३ जानेवारीला पुन्हा दिलं. रक्तातली साखर उतरली, आणि लघवीतले कीटोन नाहीसे झाले. गोष्ट सांगणारे बहुतेक जण साखरेवरच थांबतात. माझ्या दृष्टीने त्या दिवसाची खरी बातमी कीटोन नाहीसे झाल्याची होती, कारण त्या काळी असली मुलं कीटोनच्या आम्लाने मरत.

आता मुलांकडेच येऊ. आपल्याकडे टाइप १ मधुमेहाचं निदान कितीदा तरी डीकेएतच होतं. म्हणजे मूल आजारी पडून बेशुद्धीच्या काठावर येतं तेव्हा कळतं की याला मधुमेह आहे. त्याआधी दोन-तीन आठवडे घरात काय चाललेलं असतं? मूल सारखं पाणी पितं. उन्हाळा असला तर कोणाला त्याचं काही वाटत नाही. शाळेतून तक्रार येते की हा सारखा लघवीला जातो. चार वर्षांपूर्वी अंथरूण ओलं करायचं बंद झालेलं मूल पुन्हा करू लागतं, आणि त्यासाठी बोलणी खातं, कधी मारही. गणवेशाची चड्डी सैल होते. आजी म्हणते, उंची धरतोय. मग पोट दुखायला लागतं आणि उलट्या सुरू होतात. इथे रस्ता चुकण्याची शक्यता सर्वांत जास्त, कारण डीकेएतलं पोटदुखणं अपेंडिक्ससारखं वाटू शकतं. कोणी जंताचं औषध देतं, कोणी टायफॉइडच्या तपासण्या काढतं, धाप बघून कोणी वाफारा देतं. नजर उतरवणारेही असतातच. या सगळ्यात बोटातून रक्ताचा एक थेंब काढून साखर बघायची तेवढी राहून जाते.

इटलीतल्या पार्मा प्रांतात यावर एक सोपा उपाय करून बघितला गेला. १९९१ पासून तिथल्या शाळांत एक भित्तिपत्रक लावलं. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाचं चित्र आणि सोबत थोडी माहिती: सारखी तहान, सारखी लघवी, वाळत जाणं. भागातल्या बालरोगतज्ज्ञांना साखर तपासायची साधनं दिली. आधीच्या काळात तिथल्या नव्याने निदान झालेल्या मुलांपैकी ७८ टक्के मुलं डीकेएत दाखल होत. मोहिमेच्या वर्षांत हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर आलं. एका भित्तिपत्रकाने एवढा फरक पडू शकतो. या सभागृहात शिक्षक बरेच दिसतात, अंगणवाडीच्या ताईही आहेत. तुमच्या वर्गातलं एखादं मूल अचानक सारखं पाण्याच्या बाटलीकडे आणि सारखं बाहेर जाऊ लागलं, तर त्याच्या आईला त्याच दिवशी बोलवा. पालकसभेची वाट बघू नका. आणि आयांनो, तपासणी त्याच दिवशी करून घ्या. सकाळी उपाशीपोटी करू, असं म्हणून रात्र घालवू नका. या आजारात कोणत्याही वेळची साखर चालते.

दुसरी अवस्था म्हाताऱ्या माणसांची. तिचं लांबलचक नाव सांगत बसत नाही, एचएचएस एवढंच लक्षात ठेवा. इथे थोडं इन्सुलिन शिल्लक असतं म्हणून आम्ल फारसं होत नाही, पण साखर ६०० च्या वर जाते, कधी हजाराच्याही वर, आणि अंगातलं आठ-नऊ लिटर पाणी निघून जातं. हे एका रात्रीत होत नाही, आठ-दहा दिवस हळूहळू चालतं. त्यामुळेच ते घरात दिसत नाही. आम्ल नसल्यामुळे धाप नाही, उलट्याही बेताच्याच. आजोबा जरा जास्त झोपतात, एवढंच. मग बोलण्यात गोंधळतात, मुलाला भावाच्या नावाने हाक मारतात. 'वय झालं' हे वाक्य आपल्या घरात कशाच्याही पुढे लावता येतं, आणि ते जिवावर बेततं. कधी एका बाजूची ताकद जाते किंवा आकडी येते. लोक पक्षाघात समजून धावतात, आणि रुग्णालयात पहिल्यांदा साखर बघितल्यावर यंत्रावर आकडाच येत नाही. 'एच' आणि 'आय' ही दोन इंग्रजी अक्षरं उमटतात. त्याचा अर्थ साखर यंत्राच्या पट्टीपलीकडे गेली आहे. अनेक यंत्रांत ही हद्द ६०० असते. घरात ही अक्षरं दिसली तर यंत्र बिघडलं समजून नवी पट्टी आणायला जाऊ नका. हात धुऊन एकदा पुन्हा बघा, आणि पुन्हा तेच आलं तर निघा.

या म्हाताऱ्या माणसांची तहान वयाने मंदावलेली असते. त्यात गुडघे दुखतात, रात्री उठून संडासापर्यंत जायचं, वाटेत उंबरा. म्हणून संध्याकाळनंतर पाणीच प्यायचं नाही असा अनेकांनी आपल्यापुरता नियम करून घेतलेला असतो. बायकांचं तर विचारूच नका. एसटीने लांब जायचं असलं की सकाळपासून घोटभर पाणी नाही, कारण वाटेत सोय नसते. विदर्भात चंद्रपूर, नागपूरकडे पारा ४५ च्या पलीकडे जातो त्या दिवसांत घसा कोरडा पडतो तो उसाच्या रसाने आणि बाटलीतल्या गोड पेयांनी ओला केला जातो. साखर वाढते, लघवी वाढते, तहान वाढते, पुन्हा रस. याच्या जोडीला लघवीचा संसर्ग, पायाची जखम किंवा गुडघ्यासाठी घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन आलं की पुढचं सांगायला नको. स्टेरॉइड आणि वाढलेली साखर काय करू शकतात ते २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीच्या रूपाने महाराष्ट्राने पाहिलंच आहे. डीकेए झालेल्या शरीरात ती बुरशी फोफावते हे वैद्यकाच्या पुस्तकांत कित्येक वर्षं लिहिलेलं होतं.

आता ज्या वाक्यामुळे सर्वांत जास्त माणसं आमच्याकडे येतात त्या वाक्यावर बोलतो. 'काल काही खाल्लंच नव्हतं, म्हणून इन्सुलिन घेतलं नाही.' ऐकायला किती तर्कशुद्ध वाटतं! इन्सुलिन जेवणाची साखर खाली आणतं. जेवण नाही, तर इन्सुलिन कशाला? पण आजारपणात, तापात, उलट्या-जुलाबांत शरीर ताणाची संप्रेरकं सोडतं आणि यकृत स्वतःच साखर ओतत राहतं. न जेवताही साखर चढते. आणि चरबीवरचा ताबा? त्यालाही इन्सुलिन हवंच. म्हणून ज्यांना टाइप १ आहे त्यांनी दिवसभर पुरणारं, लांब टिकणारं इन्सुलिन कधीही, कोणत्याही कारणाने पूर्ण बंद करायचं नाही. जेवणाआधीचं कमी-जास्त होईल, ते डॉक्टरांना फोन करून ठरवा. हा नियम मी रोग्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून देतो आणि खाली सही करतो. मुळांचा काढा देऊन 'इन्सुलिन सोडा, सवय लागते' असं सांगणारे गावोगाव फिरत असतात, आणि त्या वहीपेक्षा त्यांचा आवाज मोठा असतो.

आजारी दिवसाचे बाकीचे नियम थोडक्यात सांगतो. दर दोन ते चार तासांनी साखर बघा, रात्रीही. सलग दोनदा २५० च्या वर आली तर कीटोन बघा. रक्तातले कीटोन मोजायची पट्टी मिळते, ०.६ च्या आत असेल तर ठीक, दीडच्या वर गेलं तर डॉक्टरांना फोन, ३ किंवा अधिक असेल तर थेट रुग्णालय. ती परवडली नाही तर लघवीची पट्टी आहे, ती स्वस्त आहे. तिची एक खोड अशी की ती कीटोनच्या एकाच जातीला रंग देते, त्यामुळे रोगी बरा होऊ लागला तरी काही काळ रंग गडदच दिसू शकतो. घरी पहिला इशारा मिळण्यापुरती मात्र ती पुष्कळ उपयोगी आहे. पाणी घोटघोट पण सतत प्या, मोठ्या माणसाने तासाला साधारण एक फुलपात्र. भाताची पातळ पेज मीठ घालून, पातळ ताक, वरणाचं पाणी, जे पोटात राहील ते. हृदयाचं पाणी धरणारं दुखणं किंवा मूत्रपिंड निकामी असेल तर पाण्याचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. जलसंजीवनीला मधुमेही घाबरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटरमध्ये ग्लुकोज असतं १३.५ ग्रॅम. जुलाब होत असताना तेवढ्याला भिण्याचं कारण नाही. जलसंजीवनीच्या थाटात विकली जाणारी फळांच्या चवीची गोड खोकी मात्र वेगळी वस्तू आहे, ती बाजूला ठेवा. साखर चढली म्हणून पळायला किंवा व्यायामाला जाऊ नका. कीटोन असताना व्यायामाने ते वाढू शकतात.

आणि उलटी. मधुमेह असलेल्या माणसाला सतत उलट्या होत असतील, पोटात पाणी ठरत नसेल, तर आकडा काहीही असो, घरी थांबायचं नाही. धाप लागली, गुंगी आली, पोट फार दुखू लागलं तरी तेच. १०८ ला फोन करा. राज्यात ही रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. जाताना इन्सुलिनची बाटली किंवा पेन, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि शेवटचं इन्सुलिन कधी घेतलं ती वेळ कागदावर लिहून न्या. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, चहा काहीही ओतू नका, कुशीवर वळवून ठेवा.

इथे हमखास विचारलं जातं की मधुमेही माणूस विचित्र वागतोय, साखर वाढली की कमी झाली हे कसं ओळखायचं? यंत्र असेल तर थेंबभर रक्त, प्रश्न मिटला. नसेल तर वेळ बघा. कमी साखर मिनिटांत येते, दरदरून घाम, हात थरथर, भूक. वाढलेली साखर तासांत आणि दिवसांत येते, कोरडी जीभ, कोरडी त्वचा. तरीही कळत नसेल आणि माणूस नीट गिळू शकत असेल तर साखर द्या. कमी झालेली साखर मेंदूला फार लवकर इजा करते; आधीच ५०० असलेल्या माणसाला दोन चमचे साखरेने फार फरक पडत नाही.

आता जे नवीन आहे त्याकडे वळतो, आणि सुरुवातीला ज्या २१० चा उल्लेख केला त्याचा उलगडा करतो. 'फ्लोझिन' या अक्षरांनी संपणाऱ्या नावांच्या गोळ्या तुमच्यापैकी अनेकांच्या डब्यात असतील: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्या फार चांगल्या आहेत, तेव्हा माझं भाषण ऐकून उद्या सकाळी बंद करू नका. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट संपलं, किंमत घसरली आणि गोळी गावोगाव पोचली. चांगलंच झालं. पण ही गोळी घेणारा माणूस आजारी पडला, उपाशी राहिला, इन्सुलिन कमी पडलं, तर आम्ल तयार होत राहतं आणि साखर मात्र लघवीवाटे जात असल्यामुळे यंत्रावर १८०-२०० अशी सभ्य दिसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्येच याचा इशारा दिला होता. रोगी उलट्या करतोय, धापा टाकतोय, आणि घरचे, कधी कधी दवाखान्यातलेही, म्हणतात, शुगर तर चांगली आहे! म्हणून आजारपणात खाणं-पिणं सुटलं की ही गोळी त्या दिवसांपुरती थांबवायची, डॉक्टरांना कळवायचं. शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी ती बंद करतात, एका जातीची चार दिवस आधी. नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास धरणाऱ्यांनी घटस्थापनेच्या आधीच विचारून घ्यावं. देवीला कमी उपवास चालतो, असं माझं मत आहे. ते वैद्यकीय नाही.

२०२४ मध्ये अमेरिकेच्या आणि युरोपच्या मधुमेह संघटनांनी इतरांबरोबर मिळून डीकेएची व्याख्या नव्याने मांडली. पूर्वी साखर २५० च्या वर असणं ही अट होती. ती २०० वर आणली, आणि आधीपासून मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत साखरेची अटच काढून टाकली. मधुमेह, कीटोन आणि आम्ल, एवढं पुरे. गुरुजी असते तर या व्याख्येतून आकडा पुसला गेल्याचं त्यांना वाईट वाटलं असतं की आवडलं असतं, सांगता येत नाही.

रुग्णालयात काय होतं ते सांगतो, कारण नातेवाइकांची भांडणं तिथे होतात. आधी साधं मिठाचं सलाईन, मोठ्या माणसाला पहिल्या तासात लिटर-दीड लिटर. मुलांना बेताने, मोजून, दिवस-दोन दिवसांत पसरून, कारण मुलांमध्ये मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. इन्सुलिन शिरेतून, तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.१ युनिट. पूर्वी एकदम शेकडो युनिट द्यायचे. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये अल्बर्टी आणि अमेरिकेत किताबची यांच्या कामामुळे सिद्ध झालं की थोडं, सावकाश, सतत दिलेलं पुरतं आणि अधिक सुरक्षित असतं. पोटॅशियमचं गणित सर्वांत नाजूक. अंगातलं पोटॅशियम संपलेलं असतं, पण रक्तात ते ठीक किंवा वाढलेलंही दिसतं. इन्सुलिन सुरू केलं की ते पेशींत शिरतं, रक्तातलं कोसळतं, आणि हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून पोटॅशियम आधीच फार कमी निघालं तर आम्ही इन्सुलिन थांबवून ते भरतो. बाहेर उभ्या मुलाला वाटतं, शुगर ५०० आहे आणि हे इन्सुलिनच देत नाहीत!

मग काही तासांनी साखर २५० च्या खाली येते आणि परिचारिका ग्लुकोजची बाटली जोडते. आता तर मुलगा संतापतो: शुगरच्या पेशंटला ग्लुकोज? त्याचं चिडणं मला समजतं, कारण गावातल्या दवाखान्यात आदल्या दिवशी 'अशक्तपणा आहे' म्हणून त्याच्या वडिलांना ग्लुकोजचीच बाटली लावलेली असते आणि ती चूकच होती. इथे मात्र ती बरोबर आहे. आम्ल जायला साखरेपेक्षा जास्त वेळ लागतो. आम्ल जाईपर्यंत इन्सुलिन चालू ठेवायचं आहे, आणि ते चालू ठेवताना साखर फार खाली जाऊ नये म्हणून ग्लुकोज. 'शुगर नॉर्मल झाली, आता सोडा' म्हणून सही करून नेलेला रोगी दुसऱ्या दिवशी परत येतो. शिरेतलं इन्सुलिन थांबवायच्या तास-दोन तास आधी त्वचेखालचं दिलेलं असलं पाहिजे, नाहीतर मधल्या वेळात सगळं पुन्हा सुरू होतं.

डीकेए एकदा झाला तर तो आजाराचा भाग. तोच माणूस वर्षात दोन-तीनदा आला की मी औषधाची चिठ्ठी बाजूला ठेवतो आणि खुर्ची पुढे ओढतो. बहुतेक वेळा उत्तर रक्ताच्या अहवालात नसतं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाकडे इन्सुलिन ठेवायला फ्रिज नसतो. माठाच्या गारव्यात ठेवलेलं पुष्कळ टिकतं, पण ते कोणी सांगितलेलंच नसतं. शेतमजूर बाप बाटली पंधरा दिवस जास्त पुरावी म्हणून युनिट कमी टोचतो. हॉस्टेलवरचा मुलगा मित्रांसमोर सुई काढायला लाजतो.

आणि मुली. टाइप १ असलेल्या मुलीचं लग्न ठरवताना आजार लपवला जातो, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. लग्नाआधीच्या धामधुमीत पाहुणे भरलेले, हळदीच्या दिवशी सुई कुठे घ्यायची? सासरी गेल्यावर फ्रिज सासूबाईंच्या ताब्यात. एक दिवस चुकवलं, काही झालं नाही, दुसरा चुकवला, तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि घरात सगळे हसून एकमेकांकडे बघायला लागले, गोड बातमी आहे म्हणून. या नव्या नवरीला धाप लागेपर्यंत कोणी डॉक्टरकडे नेत नाही, आणि नेलं तरी ती सासूसमोर मधुमेहाचं नाव काढत नाही. डॉक्टर गर्भाची तपासणी लिहून देतो. गर्भारपणात डीकेए झाला तर तो आई आणि पोटातलं बाळ दोघांनाही फार धोक्याचा, तेही इथे बसलेल्या आई-वडिलांना सांगून ठेवतो.

माझ्याकडे अशी मुलगी लग्न ठरल्यावर आली, तर मी तिला एकच सांगतो की पुढच्या वेळी होणाऱ्या नवऱ्याला सोबत आण. येतात बरं का. सगळे नाही, पण येतात. त्या मुलाला मी यंत्र हातात देऊन तिची साखर मोजायला लावतो, कीटोनची पट्टी कशी वाचायची ते दाखवतो आणि १०८ चा आकडा त्याच्या मोबाइलमध्ये घालून देतो. एखादं लग्न यात मोडलंही आहे. ते लग्नाआधी मोडलं, याबद्दल त्या मुलीच्या वडिलांनी पुढे माझे आभार मानले, जरी त्या दिवशी ते माझ्याशी बोलत नव्हते. येत्या लग्नसराईत तुमच्या ओळखीत असं घर असेल तर त्या दोघांना एकत्र पाठवा. तालुक्याच्या रुग्णालयात, तुमच्या डॉक्टरांकडे, कुठेही.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं आहे. प्रश्न चिठ्ठीवर लिहून दिलेत तर नाव न घेता उत्तर देईन, आणि यंत्र कसं वापरायचं ते बघायचं असेल तर बाहेर टेबलावर दोन यंत्रं आणि पुरेशा पट्ट्या ठेवल्या आहेत.